रात्रपाळीची वही

लेखकाने लिहिण्यापूर्वीच वाचकाने संहिता वाचून ठेवली, असा प्रसंग साहित्यव्यवहारात संभवत नाही. संहितेत नसलेले अर्थ वाचकाने वाचावेत, असलेले वाचू नयेत, हे आपण गृहीत धरतो आणि त्यावर चर्चासत्रेही घेतो. परंतु मजकूर कागदावर उतरण्याआधी वाचक येऊन गेला आणि ‘येथे काही नोंद नाही’ असा बोध घेऊन आपल्या कामाला लागला, असे एकदा खरोखरच घडले आहे. आणि त्या वाचनाची किंमत चौदा माणसांच्या जिवाने मोजावी लागली आहे.

११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ईगल लेक या गावाजवळ, काँटिनेंटल एक्स्प्रेस या कंपनीचे एक लहान विमान कोसळले. ते लारेडोहून ह्यूस्टनला निघाले होते. विमानात अकरा प्रवासी आणि तीन कर्मचारी होते. कोणीही वाचले नाही. आदल्या रात्री या विमानाच्या शेपटीवरील आडव्या पंखाचे काम निघाले होते. पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ साचू नये म्हणून तेथे रबरी आवरण बसवलेले असते, ते बदलायचे होते. संध्याकाळच्या पाळीतला एक निरीक्षक मदतीला म्हणून वर चढला; त्याने उजव्या बाजूचे वरचे स्क्रू काढले आणि त्याच ओघात डाव्या बाजूचेही काढले. डाव्या बाजूचे हे वरचे स्क्रू ४७ होते. पाळी संपली तेव्हा काम अर्धेच झाले होते. रात्रपाळीने उजवी बाजू पुरी केली. डाव्या बाजूला कोणी हात लावला आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. शेपटी उंच, पंखाची वरची बाजू जमिनीवरून दिसत नाही, खालचे स्क्रू जागच्या जागी. सकाळी विमान उडाले.

पाळी बदलताना लिहायचे नोंदपत्रक तेथे होते. त्या निरीक्षकाने घरी जाण्यापूर्वी त्यात नोंदही केली. आवरण काढायला मदत केली, एवढ्या आशयाची. परंतु रात्रपाळीचा निरीक्षक त्या दिवशी वेळेआधी आला होता. आल्या आल्या त्याने पत्रक पाहिले. तोवर नोंद झालेली नव्हती. त्याच्या दृष्टीने या विमानाचे काही शिल्लक नव्हते. वेळेआधी कामावर येणे हा आपण सद्गुण मानतो. येथे तो सद्गुणच आड आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून तंत्रज्ञांनी आणि निरीक्षकांनी ठरलेली पद्धत पाळली नाही, असा निष्कर्ष काढला. मंडळाचे एक सदस्य जॉन लाउबर यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. दोनचार माणसांच्या चुकांना वाट मोकळी करून देणारी जी कामाची संस्कृती, तिची घडण व्यवस्थापनाकडे असते. कारण तेथे शोधले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

मराठीच्या प्राध्यापकांनी विमानाच्या स्क्रूंविषयी का बोलावे, हे आता सांगितले पाहिजे. आम्ही दोघे धर्माबादेत मराठी शिकवतो. साहित्यशास्त्र आणि व्यावहारिक मराठी हे दोन विषय आलटून पालटून आमच्याकडे येतात. पहिल्यात शब्दशक्ती, रसविचार, ध्वनिसिद्धान्त. दुसऱ्यात इतिवृत्त, अहवाल, टिपणी, अर्ज. पहिला विषय वर्गात गाजतो, दुसरा गुणपत्रिकेत उपयोगी पडतो, अशी आपल्या सर्वच महाविद्यालयांतली विभागणी आहे. आमचा एक विद्यार्थी प्रथम वर्षानंतर बी.ए. सोडून आयटीआयला गेला, फिटर झाला, आणि दोनतीन कारखाने करून हैदराबादजवळच्या एका हँगरमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागला. (धर्माबादच्या आयटीआयचे नाव जुलै २०१० मध्ये साऱ्या देशाने ऐकले ते तेथील मुलांच्या हस्तकौशल्यामुळे नव्हे. बाभळी बंधाऱ्याविरुद्ध आंदोलनास निघालेल्या चंद्राबाबू नायडूंना आणि त्यांच्या आमदारांना तेथे स्थानबद्ध करून ठेवले होते, म्हणून. असो.) आमच्याकडच्या मुलाला मुंबई-पुणे लांबचे आणि हैदराबाद जवळचे. गोदावरीच्या या काठाला मराठी, पलीकडे तेलुगू, आणि मिरचीच्या बाजारात सौदा तुटतो तो बहुधा दखनीत. ज्या बासरच्या सरस्वतीपुढे मुलांच्या हाती पहिले अक्षर दिले जाते ते क्षेत्र येथून हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरे. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला भाषा बदलणे म्हणजे कुशीवर वळण्याइतके सोपे असते. लिहिण्याची गोष्ट निराळी.

दिवाळीत तो गावी आला तो एक काम घेऊन. त्यांच्या हँगरमध्ये पाळी सोपवण्याच्या वह्या बंद होऊन टॅब्लेट येणार होते. व्यवस्थापनाने प्रत्येक गटाकडून एकेक पान मागवले होते: या नव्या साधनात काय असावे, तंत्रज्ञांना एकमेकांशी काम जुळवताना कशाची अडचण होते. पान इंग्रजीत हवे होते. “सर, मी सांगतो तसं तुम्ही इंग्रजी करा,” एवढीच त्याची मागणी. पण तो सांगू लागला आणि एका पानासाठी तीन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर आम्ही जे मिळेल ते वाचत गेलो. ईगल लेकची हकिगत त्या वाचनातली.

त्याच्या बोलण्यातून पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, हँगर हे विलक्षण लेखनबहुल स्थळ आहे. आपल्या विद्यापीठीय जगाला लिखित संस्कृतीचा फार अभिमान. परंतु जेथे प्रत्येक कृतीला कागद आणि प्रत्येक कागदाला सही लागते, असे ठिकाण ते आहे. “नट आवळला तर लिहावं लागतंय मॅडम, नाही आवळला तरबी लिहावं लागतंय,” असे तो म्हणाला. कामाचे टास्क कार्ड असते, त्यावर पायरीपायरीने शिक्का. वैमानिकाला काही बिघाड जाणवला तर तो टेक लॉगमध्ये लिहितो. त्या बिघाडाला आपल्याकडे सगळे ‘स्नॅग’ म्हणतात, आणि त्या ओळीसमोर दुरुस्तीची ओळ लिहिली गेल्याशिवाय किंवा ती नियमात बसवून पुढे ढकलल्याशिवाय विमान हलत नाही. तंत्रज्ञ हाताने काम करतो, पण विमान सेवेस योग्य असल्याची सही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेला अभियंताच करू शकतो. नियंत्रणासारख्या नाजूक यंत्रणेचे काम असेल तर एकाने केलेले दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचे आणि दोघांनीही सही करायची.

दोन सह्यांचे हे तत्त्व आमच्या तालुक्याला नवे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानंतर बाभळी बंधाऱ्याचे चौदा दरवाजे १ जुलैला वर उचलले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवावे लागतात. आणि ते उचलताना केंद्रीय जल आयोगाचा आणि दोन्ही राज्यांचा माणूस हजर असतो. एकमेकांवर विश्वास आहे म्हणून माणसे एकत्र काम करतात, असे आपण म्हणतो. बाभळीला काम चालते ते विश्वास नसला तरी चालावे अशी सोय केली आहे म्हणून. विमानाच्या बाबतीत ही सोय मित्रामित्रांतही पाळायची असते, हा तिचा अवघड भाग.

लिहिलेल्या अक्षरांपलीकडेही हँगरमध्ये खुणांची एक भाषा असते. विमानाच्या ज्या भागांवर झाकणे किंवा खुंट्या लावून ठेवलेल्या असतात त्यांना लांब लाल फिती लोंबत असतात. उडण्यापूर्वी त्या काढल्या गेल्याच पाहिजेत. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्ह्याची, पकडीची आकृती रंगवलेली असते. हत्यार उचलले की त्याची रिकामी सावली उरते. पाळी संपताना एखादी सावली रिकामी दिसली तर ते हत्यार विमानाच्या पोटात राहिले नसल्याची खात्री होईपर्यंत कोणी घरी जात नाही. अनुपस्थितीला अर्थ असतो, हे पटवून देण्यासाठी आम्ही वर्गात किती तास खर्च केले असतील! येथे एका लाकडी फळ्याने ते काम केले आहे. एकत्र काम करण्याच्या साधनांची चर्चा निघाली की आपण संगणकाकडे पाहतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मते त्यांच्याकडचे सर्वांत चांगले साधन हा फळाच आहे, कारण तो बघण्यासाठी काही उघडावे लागत नाही.

दुसरी संध्याकाळ भाषेवर गेली. विमानाच्या देखभालीची पुस्तके एका खास इंग्रजीत लिहिलेली असतात, हे आम्हांला त्याच्याकडूनच कळले. युरोपातील विमान उद्योगाने १९८० च्या दशकात तिचे नियम प्रसिद्ध केले. आज ती ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ या नावाने ओळखली जाते. जगभरच्या तंत्रज्ञांपैकी बहुसंख्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, हे मान्य करून ही भाषा घडवलेली आहे. मंजूर शब्द सुमारे ९००. त्यांखेरीज केवळ यंत्रभागांची आणि तांत्रिक क्रियांची नावे. एका शब्दाला एकच अर्थ आणि शक्यतो एकच व्याकरणिक भूमिका. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे. ‘नियम पाळणे’ या अर्थी तो वापरायचा नाही. ‘ऑइल’ हे नाम आहे. त्याचे क्रियापद करून ‘झडपेला तेल घाला’ असे म्हणायचे नाही, तेथे वेगळी रचना करायची. सूचनेच्या वाक्यात वीसपेक्षा अधिक शब्द नकोत, एका वाक्यात एकच सूचना, आणि धोक्याचा इशारा कृतीच्या आधी, नंतर नव्हे.

हे नियम आमच्यासमोर आले तेव्हा वाटले की आपण जे शिकवतो त्याची ही उलटी बाजू आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीला काव्याच्या केंद्रस्थानी बसवले. मम्मटाने अभिधा, लक्षणा, व्यंजना यांची मांडणी पक्की केली. आजही शब्दशक्ती शिकवताना सूर्य मावळल्याचे जुने उदाहरण दिले जाते. वाक्य एकच, गुराख्याला त्यातून गुरे वळवण्याची वेळ कळते, चोराला चोरीची, विरहिणीला आणखी काही. हँगरमध्ये संध्याकाळी सूर्य मावळतो तेव्हा एक पाळी घरी निघालेली असते आणि दुसरी येत असते. ‘मदत केली’ हे वाक्य जाणाऱ्याच्या मनात ४७ स्क्रूंसह पूर्ण असते. येणाऱ्याला त्याचा वाच्यार्थ तेवढा मिळतो, आणि ईगल लेकच्या रात्री तोही मिळाला नाही. व्यंजना सहृदयाला कळते असे शास्त्र सांगते. रात्री साडेदहाला, डोळ्यांवर झोप असताना, दुसऱ्याच्या अर्धवट कामावर चढणारा माणूस सहृदय असेल अशी अपेक्षा कोणत्या शास्त्राने करावी?

तेव्हा नव्या साधनाने सगळ्या नोंदी अशाच निःसंदिग्ध, अभिधेच्या भाषेत घडवाव्यात, यादीतून शब्द निवडायला लावावेत, असा मुद्दा पानावर सहज येऊ शकला असता. आमच्यापैकी एकाचे मत तसेच होते. परंतु विद्यार्थी मान हलवीना. पुस्तकात काय करावे ते लिहिलेले असते. पण पुस्तकाप्रमाणे सगळे करूनही बिघाड जात नाही तेव्हा काय करतात, असे त्याने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले: चहाच्या टपरीवर जातात. तेथे कोणी तरी सांगतो की मागे असाच एकदा दिवा लागत होता, सगळे सेन्सर बदलून झाले, आणि शेवटी निघाली ती एक तार, जी थंडीत आखडायची आणि दिवसा नीट असायची. ही गोष्ट असते. तिला सुरुवात, चकवा, उलगडा असतो. सांगणारा थोडी रंगवूनही सांगतो. ऐकणारे मध्येच ‘मग?’ म्हणतात.

हे निरीक्षण त्याचे एकट्याचे नाही. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांमध्ये राहून अभ्यास केला. त्याचे ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक १९९६ मध्ये आले. त्याला दिसले ते असे की, कंपनीने दिलेल्या सूचनापुस्तकात बिघाडाच्या पायऱ्या आहेत, पण तंत्रज्ञ अवघड यंत्रापुढे एकमेकांना हकिगती सांगत, त्या जुळवत, त्यातून निदानाला पोहोचतात. जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा हा कामचुकारपणा नसून कामाचाच भाग होता. त्याच कंपनीच्या संशोधन केंद्रातून पुढे १९९० च्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तंत्रज्ञांनी आपले उपाय त्यात लिहायचे, इतर जाणत्यांनी ते पारखायचे, आणि मग ते सर्वांना उपलब्ध. त्याची सुरुवात फ्रान्समधील तंत्रज्ञांमध्ये झाली. या व्यवस्थेतली एक बाब आम्हांला फार बोलकी वाटते. प्रत्येक उपायाला लिहिणाऱ्याचे नाव जोडलेले असे. पैशाचे बक्षीस ठेवावे असाही विचार झाला होता. तंत्रज्ञांना त्यापेक्षा नाव हवे होते. पैसे ठेवले असते तर नोंदींची संख्या वाढली असती आणि मोल घटले असते, हे त्यांना व्यवस्थापनाआधी कळले होते. वाङ्मयीन नियतकालिके चालवणाऱ्या आपल्या मंडळींना हे नवे नसावे.

म्हणजे एकाच छपराखाली दोन प्रकारची भाषा लागते. करायचे काय आणि झाले किती, हे सांगताना व्यंजनेला पूर्ण मज्जाव. आणि बिघाडाचा शोध घेताना गोष्ट, तिच्या वळणांसह, तिच्या सांगणाऱ्यासह. साधन बनवणारे बहुतेक वेळा पहिलीच भाषा ओळखतात, कारण ती चौकटींत बसते. टपरीवरचे बोलणे चौकटीत बसत नाही, म्हणून ते मोजले जात नाही, आणि मोजले जात नाही म्हणून नव्या व्यवस्थेत त्याला जागा उरत नाही. लोकवाङ्मयाच्या बाबतीत आपण शंभर वर्षे हेच केले नाही काय? ज्याची संहिता नाही ते वाङ्मयच नाही, असे म्हणत आलो. जात्यावरच्या ओव्या कागदावर आल्या तेव्हा त्या वाङ्मय ठरल्या, आणि कागदावर येताना गाणारणीचे नाव बहुधा गळले.

येथे बोलीचा प्रश्न येतो. पुस्तके इंग्रजीत, नोंदी इंग्रजीत, पण पंखाखाली चाललेले बोलणे तेलुगू-दखनी-हिंदी, आणि मराठवाड्यातली दोन मुले शेजारी असली तर मराठीत. महाराष्ट्रातही चित्र फार वेगळे नसावे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारून दिलेले एअर इंडियाचे देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे. तेथे आधी मिग आणि पुढे सुखोई विमाने घडली, आणि त्या विमानांची मूळ भाषा तर रशियन. बाहेरून येणारे शास्त्र एका भाषेत, त्याचा अनुवाद दुसऱ्या भाषेत आणि हाताशी हात लागताना तिसरी भाषा, अशी ही उतरंड आहे. या उतरंडीत कोठे काय सांडते याचा कोणी मराठी भाषाभ्यासकाने शोध घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पीएच.डी.चे विषय संपले अशी तक्रार करणाऱ्यांनी हा विषय जरूर घ्यावा.

बोलण्याचे मोल किती, याची एक परीक्षाही झालेली आहे, आणि ती सायकलवर. कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अंगावर वागवायच्या संगणकांचा अभ्यास केला. दूरचा जाणकार आणि यंत्रापाशी असलेला कामगार यांनी मिळून दुरुस्ती कशी करावी, हा त्यांचा विषय. प्रयोगासाठी लोकांना सायकल दुरुस्त करायला दिली. दूरवरच्या जाणकाराची मदत मिळाली तेव्हा काम अधिक चांगले आणि लवकर झाले, हे अपेक्षितच होते. परंतु जाणकाराला कामगाराच्या कॅमेऱ्यातून सगळे दिसत असले म्हणून दुरुस्ती फार सुधारली असे आढळले नाही. नुसत्या आवाजावरही ती जवळपास तशीच झाली. बदलले ते संभाषण. दिसत असताना कामगार कमी वर्णन करी आणि जाणकार न विचारता सांगू लागे. आम्ही हे विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला की मोठ्या आवाजात इंजिन चालू असते तेव्हा ना आवाज कामाचा ना शब्द, तेथे हातवारेच. ते खरेच आहे, आणि त्या हातवाऱ्यांवर, हेडफोनवरच्या दोन शब्दांवर किती अवलंबून असते हे मुंबईने पाहिले आहे. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाला मागे ढकलले जात असताना चालू इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला. जमिनीवरची माणसे आणि कॉकपिट यांच्यातल्या संकेतांच्या गफलतीची तेव्हा चर्चा झाली. आमच्या विद्यार्थ्याच्या हँगरमध्ये ती तारीख सगळ्यांना पाठ आहे.

तिसऱ्या संध्याकाळी पान लिहायला घेतले आणि तेथे आमच्यात खरा वाद झाला. नोंद केव्हा लिहिली आणि कोणी केव्हा वाचली, या दोन्ही वेळा दिसाव्यात, हे सर्वांना मान्य होते. वाचल्यानंतर नोंद बदलली तर वाचणाऱ्याला ते कळावे, हेही. पाळ्यांमध्ये वीस मिनिटांची सरमिसळ असावी आणि सोपवणे विमानाजवळ उभे राहून व्हावे, हा मुद्दा टॅब्लेटचा नव्हता, तरी तो सर्वांत वर घातला. बोली आवाजात निरोप ठेवण्याची सोय असावी, ज्याला जी भाषा येते तीत, असा आम्ही आग्रह धरला. भाषेचे शिक्षक म्हणून या मुद्द्याचे आम्हांला कौतुक होते. विद्यार्थी गप्प राहिला. मग म्हणाला, “आवाज ऐकला की माणूस कळतो, मॅडम. उद्या काही झालं तर तोच आवाज लावून दाखवतील.”

त्या एका वाक्याने आमचे पान फिरले. वहीत लिहिताना माणूस जपून लिहितो, टपरीवर मोकळे बोलतो, आणि त्या मोकळेपणामुळेच ‘मी काल तो बोल्ट जरा जास्तच आवळला, तू बघून घे’ असे सांगू शकतो. ही कबुली लिखित व्यवस्थेत आणायची तर तिला अभय हवे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या हातून घडलेल्या चुकांचे अहवाल देतात, ते नियम करणाऱ्या आणि शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नव्हे, तर नासा या संस्थेकडे, आणि नाव गुप्त राहते. तेथे नाव काढून टाकल्यामुळे माणसे बोलती झाली. युरेकामध्ये नाव लावल्यामुळे. दोन्ही खरे आहे. उपाय सांगताना नाव हवे असते आणि चूक सांगताना नको असते, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही, पण एकाच पडद्यावर दोन्ही नोंदी करायला लावणारे साधन हा भेद पुसून टाकते. आणि हा भेद पुसला की माणसे सुरक्षित तेवढेच लिहू लागतात. त्यांनी तसे लिहू नये असे कोणत्या तोंडाने सांगावे? नोकरी कंत्राटी, घरी आईवडील धर्माबाद तालुक्यातल्या कोरडवाहूवर, आणि सही करणारा साहेब दुसराच.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, जिवाचा प्रश्न असताना आवाज नोंदवलाच पाहिजे. तंत्रज्ञाची भीती समजण्याजोगी असली तरी प्रवाशाचा जीव तिच्याहून मोठा. दुसऱ्याचे म्हणणे असे की, भीतीपोटी जे सांगितलेच जात नाही तेच प्रवाशाला मारते. हा वाद मिटला नाही. पानावर अखेर असे आले की, आवाजी निरोप असावा, तो फक्त पुढच्या पाळीला ऐकू यावा, आणि काम तपासून सही झाली की तो आपोआप पुसला जावा. पुसले जाणारे लेखन मागणारा अर्ज आम्ही आयुष्यात प्रथमच लिहिला. इंग्रजी करताना वाक्ये वीस शब्दांच्या आत ठेवली. मुलाने ती मोजून घेतली.

टॅब्लेट पुढच्या उन्हाळ्यात आले. लिहिल्याची आणि वाचल्याची वेळ त्यांत दिसते, असे त्याने फोनवर सांगितले. आवाजाची सोय नाही. बिघाडाचे प्रकार यादीतून निवडायचे, आणि खाली ‘इतर’ नावाची एक चौकट, शंभर अक्षरांची. सुरुवातीला ती सगळे रिकामी सोडत. मग रात्रपाळीतल्या कोणी तरी तीत रोमन लिपीत दखनी लिहायला सुरुवात केली. साहेबांना ती वाचता येते, पण अजून कोणी हटकलेले नाही. नोंदीखाली कोणी नाव लिहीत नाही. लिहिण्याच्या ढंगावरून कोण ते कळतेच, असे तो म्हणतो. मागच्या महिन्यात त्याने त्यातल्या दोन ओळी आम्हांला वाचून दाखवल्या. एक होती, “डावा जॅक धीरे बैठता, देख के उतारो.” दुसरी तिच्याखाली, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी लिहिलेली: “देखा. सील गया था. बदल दिया. चाय तेरे पे.”